शेवट सांगून टाकायची घाई कशाला?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

‘सैराट’ला 10 वर्षे झाली म्हणून बुधवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. पहिल्याच परिच्छेदात चित्रपटाचा शेवट! कोण येतं, काय होतं, अखेरचं दृश्य कोणतं, सगळं छापून मोकळे.

2016 मध्ये माझी भाची सहा वर्षांची होती. तिला घरी ठेवून आम्ही गेलो होतो आणि ‘दहावी झाली की दाखवीन’ असा शब्द मी दिला होता. परीक्षा आटोपली, रविवारचा बेत ठरला, आणि बुधवारी सकाळी तिनेच पेपर माझ्यापुढे धरला. ‘‘मावशी, यांनी तर सगळं सांगूनच टाकलं. आता काय पाहू?’’ तिला काय उत्तर द्यायचं, ते लेखकमहाशयांनीच कळवावं.

एप्रिलअखेरचं नागपूरचं ऊन, तरी थिएटर गच्च भरलेलं. ‘झिंगाट’ला खुर्च्या सोडून नाचलेली पोरं शेवटी श्रेयनामावली संपली तरी जागची उठेनात. काही ठाऊक नसताना ते अंगावर यावं म्हणून तर नागराज मंजुळे यांनी आधीची सगळी गाणी-गंमत मांडली. दहा वर्षांत प्रत्येकाने पाहिलाच असेल, हे तुम्ही कशावरून ठरवलं? तेव्हाची लहान मुलं आत्ता कुठे पाहायच्या वयाची झाली आहेत.

बरं, उरलेल्या लेखात काय? शंभर कोटी, ‘धडक’, पुन्हा शंभर कोटी. फेब्रुवारी 2016 मध्ये चित्रपट बर्लिन महोत्सवात गेला, प्रदर्शनाआधीच रिंकू राजगुरूचा राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख झाला, याबद्दल चकार शब्द नाही. त्यापेक्षा तेव्हाचं तुमचंच परीक्षण कपाटातून काढून जसंच्या तसं छापायचं होतं. समीक्षकाला त्या वेळी काय दिसलं आणि काय सुटलं, हे वाचायला मला खरोखर आवडलं असतं. तुमची शुक्रवारची परीक्षणंही हल्ली तशीच झाली आहेत. मध्यंतरानंतरची गोष्टसुद्धा सांगतात आणि खाली तारे देतात. अभिनय, कॅमेरा, संवाद यांना मिळून दोन ओळी.

आणखी एक. मंजुळे यांच्या चित्रपटांच्या चौकटीत ‘झुंड’चं नुसतं नाव. साहेब, नागपूरच्या आवृत्तीत? ज्यांच्यावर हा चित्रपट बेतला त्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांच्या पायाशी फुटबॉल दिला तो या शहरात. चित्रीकरण इथलं. इथल्याच अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर मिळाला. इतकं असून आपल्याच पेपरात त्याला एक ओळ नाही, याचं फार वाईट वाटलं.

‘झुंड’ 4 मार्च 2022 ला आला. त्याला पाच वर्षे होतील तेव्हा लेख नागपूरच्याच माणसाकडून लिहून घ्या, आणि कृपा करून शेवट सांगू नका.

आपली,
एक वाचक, प्रतापनगर, नागपूर