स्प्रिंग बदलायला मदत करणाऱ्यांचे मनापासून आभार

गाडीच्या पुढच्या दोन्ही स्प्रिंग बदलून झाल्या, खडखडाट थांबला. न कंटाळता मला उत्तरं देणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार.

सगळ्यात जास्त ऋणी आहे ते स्प्रिंग कॉम्प्रेसरबद्दल (स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार) ठणकावून सांगणाऱ्यांचा. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये जीव घेण्याइतका जोर असतो. म्हणून दोन्ही कॉम्प्रेसर समोरासमोर लावायचे, हातानेच आलटून पालटून थोडे थोडे आवळायचे आणि स्प्रिंगचा ताण तिच्या बैठकीवरून (ती जिथे टेकते ती जागा) पूर्ण सुटल्याशिवाय स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्झॉर्बर एकत्र असलेला भाग) वरच्या नटाला हात लावायचा नाही. इम्पॅक्ट गन (झटके देत नट फिरवणारं यंत्र) तर तिथे नकोच. हे नीट समजल्यावरच मी कामाला लागलो.

एकच स्प्रिंग तुटली असली तरी जोडी बदला, जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा, हेही तुमचंच सांगणं. आणि सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या रबरी बुशचे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच पक्के आवळायचे, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं. ही गोष्ट सहसा कुणी सांगतच नाही.

हत्यारांचा भलामोठा संच घेण्याऐवजी सहाकोनी सॉकेट, लांब ब्रेकर बार (घट्ट नट सोडवायचा दांडा) आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) चांगल्या प्रतीचे घ्या, हा सल्ला फार मोलाचा ठरला. गंजलेल्या नटांवर सहाकोनी सॉकेटची पकड सुटली नाही. आता मागच्या स्प्रिंगचं काम काढतोय, प्रश्न पुन्हा विचारीनच.