तुझा नोव्हाक हरला त्याबद्दल

१७ जुलै २०२३

चिरंजीवास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री विम्बल्डनच्या फायनलमध्ये वीस वर्षांच्या कार्लोस अल्कराझनं नोव्हाक जोकोविचला हरवल्यावर तू धडाधड पाठवलेले सगळे मेसेज मी वाचले. रात्रीच फोन करावा असं मनात आलं होतं, पण तू चिडलेला, मीही पाच सेट बघून थकलेली. दोघांनीही एकमेकांना नीट बोलू दिलं नसतं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

तुला वाईट वाटतंय ते अगदी साहजिक आहे. २०१३ च्या फायनलमध्ये अँडी मरेनं हरवल्यानंतर जोकोविच विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर हरला तो थेट काल. तू टेनिस समजून बघायला लागलास तेव्हापासून त्या कोर्टावर तो हरू शकतो हेच तुला माहीत नव्हतं. त्यात सलग पाचवं विम्बल्डन, एकूण आठवं, शिवाय चारही मोठ्या स्पर्धा मिळून चोविसावं ग्रँड स्लॅम, सगळं या एकाच मॅचवर येऊन ठेपलेलं. पहिला सेट त्यानं ६-१ असा अवघ्या ३४ मिनिटांत खिशात घातला, तेव्हा मलाही वाटलं होतं की आता फार वेळ लागणार नाही. 'खेळच तर आहे, एवढं काय मनाला लावून घ्यायचं' असं मी तुला कधी म्हटलेलं नाही आणि आजही म्हणणार नाही. ज्याचा खेळ बघत माणूस मोठा होतो, त्याच्या हरण्याचं दुःख हक्काचं असतं.

पण तुझ्या एका वाक्याशी माझं भांडण आहे. 'त्या पोरानं जिंकली नाही गं, नोव्हाकनं दिली.' मग वारा, मग प्रेक्षक, मग छत्तीस वर्षांचं वय, मग दुसरा सेट ६-६ झाल्यावर तो ठरवणाऱ्या टायब्रेकमधले ते नेटमध्ये गेलेले बॅकहँड.

ते बॅकहँड मीही पाहिले. टायब्रेकमध्ये ६-५ असा सेट पॉइंट, म्हणजे सेटला एकच पॉइंट बाकी, असताना एक नेटमध्ये गेला, लगेच दुसराही. तो सेट मिळता तर दोन सेटची आघाडी झाली असती, हे खरंच. पण ग्रँड स्लॅममध्ये त्याआधी त्यानं सलग पंधरा टायब्रेक जिंकले होते, हेही तूच मला सांगितलेलंस. ते पंधरा टायब्रेक कसे जिंकले? समोरचा माणूस त्या क्षणी कचरतो आणि नोव्हाक कचरत नाही, म्हणून. काल समोरचा कचरला नाही. चेंडू परत येतच राहिला, आणि कधी नव्हे ते चूक करायची वेळ नोव्हाकवर आली. आणि शेवटचा पॉइंट कुणी कुणाला दिलेला नव्हता रे. सर्व्हिस परतवतानाच अल्कराझनं बॅकहँडनं चेंडू असा मारला की नोव्हाक नुसता बघत राहिला.

तिसऱ्या सेटमधला पाचवा गेम तर तू मुद्दाम पुन्हा बघ. अल्कराझ ३-१ नं पुढे आणि सर्व्हिस नोव्हाकची. तो एक गेम २६ मिनिटं चालला, तेरा वेळा ड्यूस, म्हणजे ४०-४० अशी बरोबरी, झाला. नोव्हाक वाचवत होता, हा पुन्हा ब्रेक पॉइंट, म्हणजे त्याची सर्व्हिस मोडायची संधी, मिळवत होता, तो पुन्हा वाचवत होता. आघाडी आधीच हातात असलेल्या पोरानं तो गेम सोडून दिला असता तरी चाललं असतं. त्यानं सोडला नाही, शेवटी घेतलाच. नोव्हाकच्या जुन्या मॅचेसमध्ये तुला जे सगळ्यात जास्त आवडतं, समोरच्याचा जीव मेटाकुटीला आणणारं ते चिवटपण, काल नेटच्या पलीकडे होतं. ते तुला दिसलं नसेल असं मला वाटत नाही. दिसलं आणि सोसलं नाही, असं झालं असावं.

महिन्याभरापूर्वीचं पॅरिस आठव. फ्रेंच ओपनची सेमीफायनल, तिसऱ्या सेटच्या सुरुवातीला अल्कराझच्या अंगात गोळे आले आणि पुढचे दोन्ही सेट ६-१, ६-१ असे गेले. नंतर त्यानं स्वतः सांगितलं की समोर जोकोविच आहे याच दडपणानं ते झालं. तेव्हा तू म्हणाला होतास, 'दडपण सहन करणं हाही खेळाचाच भाग आहे.' मला ते वाक्य पटलं होतं. आता तेच काल लावून बघ. हिरवळीवरची ही त्याची जेमतेम चौथी स्पर्धा, समोर तोच माणूस, मॅच पाचव्या सेटपर्यंत गेलेली, आणि ५-४ वर सर्व्हिस करून विम्बल्डन जिंकायचं. पहिल्याच पॉइंटला त्याचा ड्रॉप शॉट, नेटपलीकडे हळूच टाकायचा तो फटका, नेटमध्ये गेला. दुसरा कुणी असता तर पुन्हा त्या वाटेला गेला नसता. यानं लगेच पुढच्या पॉइंटला पुन्हा ड्रॉप शॉट टाकला, नोव्हाक धावत पुढे आला तसा त्याच्या डोक्यावरून लॉब काढला. वीस वर्षांच्या मुलानं हे धाडस कुठून आणलं असेल? मी सोफ्यावरून उठून उभी राहिले होते, आणि माझाही जीव नोव्हाकमध्येच अडकला होता, हे लक्षात घे.

आणि मॅचनंतर तुझा नोव्हाक काय बोलला ते तू ऐकलंस का, की टीव्ही आधीच बंद केलास? तो अल्कराझला म्हणाला की तुझ्याकडून त्रास लाल मातीवर होईल, फार तर हार्ड कोर्टवर, हिरवळीवर होईल असं वाटलं नव्हतं. शेवटच्या गेममध्ये सर्व्हिस करताना मोठे फटके खेळलास, हे विजेतेपद तुझ्या हक्काचं आहे, असंही म्हणाला. मग २०१९ ची फायनल त्यानं आपणहून काढली. रॉजर फेडररला विजेतेपदाला एकच पॉइंट हवा अशा दोन संधी होत्या, ती मॅच आपण हरायला हवी होती, तेव्हा झाली फिट्टंफाट, अशा अर्थाचं बोलला. पुढे स्वतःच्या लेकाचा हसरा चेहरा दिसला आणि त्याला रडू आवरेना. तोपर्यंत मीही रडत होते. पत्रकारांसमोर तर त्यानं सांगितलं की अल्कराझमध्ये रॉजर, राफा नदाल आणि मी, तिघांचंही काहीतरी आहे. हरल्यावर घटकाभरात, डोळे अजून ओले असताना हे बोलणं किती अवघड असेल! त्यानं जे श्रेय स्वतःच्या तोंडानं दिलं, ते त्याच्या बाजूनं म्हणून तू परत मागू नकोस. त्यानं मागितलेलं नाही.

प्रेक्षकांबद्दल मात्र मी निम्मी तुझ्या बाजूची आहे. पहिली सर्व्हिस चुकली की टाळ्या वाजवणं मला कधीच पटलेलं नाही, मग ती कुणाचीही असो. पण नवीन मुलाच्या बाजूनं ओरडणं हा काही गुन्हा नव्हे. २०१९ ला तर अख्खं स्टेडियम रॉजरचं होतं. 'रॉजर, रॉजर' चाललेलं असताना मी मनात 'नोव्हाक' ऐकत होतो, असं त्यानं नंतर सांगितलं होतं. तेव्हा तो जिंकला म्हणून आपल्याला त्या गर्दीचा राग आला नाही, इतकंच.

तुझ्यासारखेच दुसऱ्या टोकाचे चाहतेही आज चुकतायत. 'जोकोविच संपला' असं तुझ्या मित्रांपैकी कुणीतरी तुला लिहिलं, त्यावरून तू जास्त पेटलास असा माझा अंदाज आहे. त्यांच्याशी भांडू नकोस, त्यांना पीट सॅम्प्रसची गोष्ट सांग. मी सॅम्प्रसची, हे तुला ठाऊक आहे. २ जुलै २००१, चौथी फेरी. तोही सात वेळचा विजेता, तोही सलग पाचव्याच्या मागे, विम्बल्डनमध्ये ओळीनं ३१ मॅचेस जिंकलेला. समोर एकोणीस वर्षांचा केस बांधलेला फेडरर. पाच सेट झाले, शेवटचा ७-५, आणि सॅम्प्रस बाहेर. त्या दिवशी काही जण म्हणाले की सॅम्प्रस संपला, आणि काही म्हणाले की या पोराला नशिबानं मिळाली. पुढच्याच फेरीत फेडरर हेन्मनकडून हरला आणि पुढच्या वर्षी तर पहिल्या फेरीत मारिओ अँचिच नावाच्या अठरा वर्षांच्या मुलानं त्याला घरी पाठवलं, तेव्हा 'नशीब'वाल्यांना जोर चढला. त्याच विम्बल्डनमध्ये सॅम्प्रस दुसऱ्या फेरीत जॉर्ज बास्टलकडून हरला, तेव्हा 'संपला'वाल्यांना. त्यानंतर काही आठवड्यांतच सॅम्प्रसनं अमेरिकन ओपन जिंकलं, आणि पुढच्या वर्षापासून फेडररनं सलग पाच विम्बल्डन. एका संध्याकाळच्या निकालावरून माणसाचं भविष्य सांगणारे दोन्हीकडचे लोक सपशेल चुकले. नोव्हाकचं पुढं काय होईल हे मला सांगता येणार नाही, पण काल ४ तास ४२ मिनिटं जो माणूस असा खेळला, त्याला संपलेला म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता जे सांगायला मी खरं पत्र लिहायला बसले ते सांगते. २०१८ च्या अमेरिकन ओपनची फायनल आपण दोघांनी बघितली होती. तू लहान होतास, कितपत आठवतंय माहीत नाही. नाओमी ओसाका, वीस वर्षांची, सेरेना विल्यम्सला ६-२, ६-४ असं सरळ हरवते. सेरेनाचा पंचांशी मोठा वाद झाला होता, एक गेम दंड म्हणून गेला होता. लोक पंचांवर चिडले होते, त्या मुलीवर नव्हे. पण बक्षीस समारंभात जो हुर्यो सुरू झाला त्याच्या मधोमध उभी होती ती. आयुष्यातलं पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलेली, जपानची पहिली एकेरी विजेती, टोपी डोळ्यांवर ओढून रडत होती. माइक हातात आल्यावर ती म्हणाली की सगळे सेरेनाच्या बाजूनं होते हे मला माहीत आहे, आणि असा शेवट झाला याबद्दल मला वाईट वाटतं. जिंकल्याबद्दल माफी! सेरेनानं तिला जवळ घेतलं, लोकांना हुर्यो थांबवायला सांगितलं, हा तिचा मोठेपणा. पण ते पाच-दहा मिनिटांचं सुख त्या पोरीला पुन्हा कुणीही देऊ शकलेलं नाही. ओसाका पुढेही ग्रँड स्लॅम जिंकली, पण पहिलं एकदाच असतं.

तिथले सगळे लोक दुष्ट होते असं मी म्हणत नाही. त्यांचं सेरेनावर प्रेम होतं, जसं तुझं नोव्हाकवर आहे. त्या प्रेमाच्या भरात समोर कोण उभं आहे हे त्यांना दिसेनासं झालं. तुझे मेसेज वाचताना मला ती ओढलेली टोपी आठवली, म्हणून झोप लागली नाही. तू कुणाचा हुर्यो केला नाहीस. तरीही 'दिली' हा शब्द मला टोचला.

काल अल्कराझ ट्रॉफी घेऊन नोव्हाककडे वळला आणि म्हणाला, तुला बघत मी टेनिस खेळायला लागलो, मी जन्मलो तेव्हापासून तू स्पर्धा जिंकतोयस. २००३ साली हा जन्मला, त्याच वर्षी नोव्हाक व्यावसायिक खेळाडू झाला. म्हणजे तो मुलगा तुझ्याच बाकावरचा आहे रे. तुझ्यासारखाच नोव्हाकच्या मॅचेस बघत वाढलेला.

आज राग निवला नसेल तर थांब दोन दिवस. मग तो २६ मिनिटांचा गेम बघ आणि मला फोन कर. मला एक गोष्ट तुझ्याकडून समजून घ्यायची आहे. नोव्हाक त्या ड्रॉप शॉटना इतक्या वेळा का फसला? मला वाटतं तो नेहमीपेक्षा मागे उभा होता, बाबा म्हणतात की अल्कराझचा फोरहँड शेवटपर्यंत ओळखूच येत नाही. तू काय म्हणतोस ते ऐकायचं आहे.

तुझी,
आई