गुलामगिरीचा तास आणि जहाजाची नोंदवही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाणे-नवी मुंबईतल्या अनेक शाळांमध्ये आता वर्गात मोठा पडदा आणि इंटरनेट आले आहे. त्यामुळे इतिहासाचा तास म्हणजे यूट्यूबवरची दहा-बारा मिनिटांची चित्रफीत, असा शिरस्ता पडत चालला आहे. गुलामगिरीच्या विषयात तर तो फारच सोयीचा: साखळदंड, चाबूक, मग लिंकन, मग टाळ्या. मुले हळहळतात आणि डबा खायला जातात. या विषयावरची अस्सल कागदपत्रे मात्र घरबसल्या आणि फुकट पाहता येतात. इतिहासाच्या फार थोड्या विषयांना हे भाग्य लाभले आहे. ती वर्गात कशी वापरावीत आणि कुठे दगा देतात, एवढ्यापुरते हे पत्र.

पहिले नाव ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’चे. सोळाव्या शतकापासून १८६६ पर्यंत अटलांटिकपार माणसे वाहून नेणाऱ्या ३६ हजारांहून अधिक सफरींची ही सूची आहे. एक ओळ म्हणजे एक सफर: जहाजाचे नाव, निशाण, कप्तान, माणसे कुठे विकत घेतली, कुठे उतरवली, किती चढवली, किती उतरली. हे संकेतस्थळ थेट वर्गात उघडण्याच्या फंदात पडू नये. नकाशे जड आहेत. संगणक कक्षातल्या वीस यंत्रांनी ते एकदम उघडले की पडद्यावर चक्र फिरत राहते आणि निम्मा तास तिथेच जातो. शिवाय रचना मधूनमधून बदलते. मागे जपून ठेवलेली लिंक पुढच्या वर्षी चालेलच असे नाही. त्यापेक्षा शिक्षकाने घरी बसून गाळणी लावावी, उदाहरणार्थ वर्षे १७५० ते १८०० आणि निशाण ब्रिटिश. वीस ओळी आणि सात रकाने निवडावेत, रकान्यांची शीर्षके मराठीत करावीत आणि झेरॉक्स काढाव्यात. चार मुलांत एक कागद पुरे. पहिली दहा मिनिटे काहीही शिकवू नये, मुलांना नुसते वाचू द्यावे.

मग गणित. चढवलेल्या माणसांतून उतरलेली वजा करायची, उत्तराला चढवलेल्यांनी भागून शंभराने गुणायचे. एवढे आठवीतल्या मुलाला येते. प्रत्येक गटाने आपापल्या ओळींचा मृत्यूदर काढला की तो एकूण अंदाजाशी ताडून पाहावा. आफ्रिकेतून सुमारे १ कोटी २५ लाख माणसे जहाजांवर चढवली गेली, सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. म्हणजे १८ लाख वाटेतच गेली, शेकडा १४ च्या आसपास. जिवंत उतरलेल्यांपैकी आजच्या अमेरिकेच्या मुख्य भूमीवर थेट उतरली जेमतेम ३ लाख ९० हजार, आणि ब्राझीलमध्ये ४८ लाखांवर. सिनेमातून गुलामगिरी शिकलेल्या मुलांना, आणि शिक्षकांनाही, हा आकडा बुचकळ्यात टाकतो. टाकू द्यावा.

आता फसगतीच्या जागा. या सूचीतले सगळेच आकडे मूळ कागदातले नाहीत. जिथे नोंद मिळाली नाही तिथे संशोधकांनी त्याच मार्गावरच्या, त्याच काळातल्या इतर सफरींवरून अनुमानाने आकडा भरला आहे. असे रकाने वेगळे दाखवलेले असतात, पण घाईत ते लक्षात येत नाही. वेगवेगळ्या जहाजांपुढे तोच आकडा पुन्हा पुन्हा दिसला तर तो बहुधा अनुमानाचा समजावा. वर्गासाठी ओळी निवडताना मूळ नोंदीचा रकाना भरलेला आहे याची खात्री करावी. दुसरी गोष्ट एक्सेलची. ‘उतरलेले’ हा रकाना रिकामा असेल तर वजाबाकीचे सूत्र त्याला शून्य धरते आणि त्या जहाजावर शंभर टक्के माणसे मेली असे दाखवते. रिकाम्या ओळी आधीच काढून टाकाव्यात. तिसरे, सूचीतल्या सगळ्या सफरींची बेरीज केली तर सव्वा कोटी भरत नाही. सूचीत फक्त सापडलेल्या सफरी आहेत. एकूण अंदाजाचे पान वेगळे आहे. ‘आकडे जुळत नाहीत, म्हणजे सगळे खोटे’ असा निष्कर्ष एखादा चलाख मुलगा काढतोच, तेव्हा हे आधीच सांगून ठेवलेले बरे. आणि निशाणावर विसंबून देश ठरवू नये. बंदी आल्यानंतर दुसऱ्या देशाचे निशाण लावून हाच धंदा राजरोस चालला.

आकड्यांवर थांबलेला तास मात्र वाया गेला असे समजावे. त्यासाठी एकच जहाज हाती घ्यावे: ‘झाँग’, १७८१. चढवलेली माणसे ४४२, जमैकात उतरली २०८. विद्यार्थी मृत्यूदर ५३ टक्के असा काढतील, आणि गणित बरोबर आहे. त्यानंतर सांगावे की यांतल्या सुमारे १३० जणांना खलाशांनी जिवंतपणी समुद्रात फेकले. पिण्याचे पाणी संपत आले, हे कारण दिले गेले. मालकांनी माणशी ३० पौंडांप्रमाणे विम्याची मागणी केली आणि १७८३ मध्ये लंडनच्या न्यायालयात हा खटला चालला तो विम्याच्या पैशांचा. खुनाचा खटला कोणावरच झाला नाही. ‘मृत’ या रकान्यात तापाने गेलेला आणि उचलून फेकलेला शेजारी शेजारी बसतात, हे मुलांना वेगळे समजवावे लागत नाही.

इथून पुढचा प्रश्न आपोआप येतो: ही वही लिहिली कोणी? कप्तानाचे नाव आहे, मालकाचे आहे, माणसांचे नाही. त्याच संकेतस्थळावर एक दुसरी यादी आहे. ब्रिटनने १८०७ मध्ये व्यापारावर बंदी घातल्यावर आरमाराने जी जहाजे पकडली, त्यांवरच्या ९१ हजारांहून अधिक आफ्रिकी लोकांची नावे, वय, उंची तिच्यात आहे. फ्रीटाऊन आणि हवाना इथल्या कचेऱ्यांत कारकुनांनी कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहून घेतले. दोन्ही कागद बाकावर शेजारी ठेवावेत.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची ‘लेगसीज ऑफ ब्रिटिश स्लेव्हरी’ ही सूची तिसऱ्या प्रकारची आहे. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद झाली तेव्हा ब्रिटिश सरकारने २ कोटी पौंड भरपाई दिली, ती गुलामांना नव्हे तर त्यांच्या मालकांना. सुमारे ४६ हजार दाव्यांच्या नोंदी तिथे नावानिशी शोधता येतात. सुटलेल्यांना छदामही मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या (म्हणजे शिकाऊ कामगारीच्या) नावाखाली बहुतेकांना १८३८ पर्यंत त्याच मळ्यांवर राबावे लागले. रकमा पौंड, शिलिंग, पेन्समध्ये आहेत: १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगांचा पौंड. हे फळ्यावर लिहून ठेवले नाही तर अर्धा तास त्यातच जातो. १८०७ ला व्यापार बंद आणि १८३३ ला गुलामगिरी बंद, हा फरक पाठ करून घ्यावा; गाईडांतसुद्धा त्याचा गोंधळ असतो. आणि याच १८३३ च्या कायद्याचे ६४ वे कलम दाखवावे. त्यात ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख वगळलेला आहे. आपल्याकडे न्यायालयांनी गुलामाला मालमत्ता मानायचे नाही, हे ठरायला १८४३ चा पाचवा कायदा यावा लागला, आणि खरेदी-विक्री गुन्हा ठरली १८६० च्या दंडसंहितेने.

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १९३६ ते १९३८ या काळात घेतलेल्या २,३०० हून अधिक पूर्वाश्रमीच्या गुलामांच्या मुलाखती आहेत. साहित्य उत्तम, पण सावधपणे वापरावे. बोलणारे ऐंशी-नव्वदीचे होते, गुलामीत असताना लहान मुले होती, आणि विचारणारे बहुतांशी गोरे. काळ मंदीचा, त्यामुळे सरकारी माणसापुढे कोण काय बोलणार? बोलीभाषेत उतरवलेला हा मजकूर गूगलच्या भाषांतरात टाकला की काहीच्या बाही बाहेर पडते. अर्धे पान निवडून शिक्षकाने स्वतः मराठी करावे, जास्त नको.

एवढे सगळे केले आणि तास अटलांटिकवरच संपवला तर मुलांच्या मनात पक्के बसते की हे सगळे तिकडचे, आपल्याकडे काही नव्हते. हा समज फार जणांना हवाहवासा वाटतो. हिंदी महासागरातल्या व्यापाराची सलग, नीट नोंद अटलांटिकइतकी उपलब्ध नाही, म्हणून तो घडला नाही असे होत नाही. मलिक अंबर इथियोपियातून विकला जाऊन बगदादमार्गे दख्खनेत आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. जंजिऱ्याचे सिद्दी तर मुरूडच्या सहलीला जाणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या शोम्बर्ग केंद्राने भारतातल्या आफ्रिकी लोकांवर केलेले प्रदर्शन ऑनलाइन आहे, चित्रे सुरेख आहेत. मात्र सेनापती आणि नवाबच दाखवले की मुलांना वाटते गुलामी म्हणजे बढतीची पायरी. म्हणून नाशिकचे शरणपूर दाखवावे. ब्रिटिश आरमाराने अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईत उतरवली जात आणि त्यांतली काही शरणपूरच्या मिशनच्या आश्रमात वाढत. तिथे शिकलेल्या जेकब वेनराइटने १८७३ मध्ये, आफ्रिकेत फिरलेला इंग्रजी प्रवासी लिव्हिंग्स्टन वारल्यावर त्याचे हृदय पुरले त्या झाडावर मजकूर कोरला आणि पुढे त्याच्या पार्थिवाबरोबर तो इंग्लंडला गेला. जेकब वेनराइट हे नाव त्याला मागाहून मिळालेले. त्याच १८७३ मध्ये मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या झांझिबार बेटाच्या सुलतानाशी बोलणी करायला गेले आणि जूनमध्ये तिथला गुलामांचा बाजार बंद झाला. झांझिबारच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षे कच्छी पेढीकडे होता, हेही सांगावे. आणि त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. एका सालावर एक अख्खा तास उभा राहतो.

शिवाजी महाराजांनी डचांना गुलाम खरेदी करायला मनाई केली, हा संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. तो खरा आहे. १६७७ च्या दक्षिण स्वारीतल्या कौलात (लेखी करारात) हे कलम आहे आणि ते डचांच्या दप्तरात मिळते. मुलांना संदेश दाखवून ‘याचा कागद कुठे आहे?’ असे विचारावे. सोबत पेशवाईच्या कागदांत येणाऱ्या कुणबिणी आणि बटकींच्या, म्हणजे दासींच्या, खरेदी-विक्रीचीही ओळख करून द्यावी. एक कागद दाखवायचा आणि दुसरा लपवायचा, हे इतिहास शिकवणाऱ्याला शोभत नाही.

आपल्या जिल्ह्याचा भाग यापुढे येतो. डहाणू-तलासरी २०१४ पर्यंत ठाण्यातच होते. तिथला वारली तरुण लग्नासाठी जमीनदाराकडून उचल घेई आणि ती फिटेपर्यंत त्याच्याकडे राबे, बहुधा बायकोसकट. त्याला लग्नगडी म्हणत. हिशेबाची वही जमीनदाराकडे, वाचता येणारा तोच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने केलेल्या अहवालात या पद्धतीची दखल आहे. ती मोडली १९४५ मध्ये सुरू झालेल्या वारल्यांच्या उठावाने. संविधानाचे २३ वे कलम आणि १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा इथेच वाचून घ्यावा. कोणाच्या घरी काय होते हे वर्गात विचारू नये. वर्गात वारली आणि कातकरी मुले असतात, आणि जमीनदारांची नातवंडेही.

तसेच लिलावाचे नाटुकले, मुलांना दाटीवाटीने झोपवून ‘जहाज’ करणे, पाठीवरच्या वळांचे छायाचित्र पहिल्याच पडद्यावर लावणे, हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. त्यातून एक तर खिदळणे निघते, नाही तर एखादे मूल गप्प होते ते महिनाभर. ‘ब्रुक्स’ या गुलामवाहू जहाजाचा १७८९ चा प्रसिद्ध आराखडा पुरेसा आहे. जहाजावर किती माणसे न्यावीत हे ठरवणाऱ्या ब्रिटिश कायद्याने परवानगी ४५४ माणसांची, चित्रात दाखवलेली ४८२, आणि कायद्यापूर्वी एका सफरीत नेलेली ६०९. पुरुषामागे जागा ६ फूट लांब, १ फूट ४ इंच रुंद. खडूने तेवढा एक चौकोन फरशीवर आखावा आणि कोणालाही त्यात झोपायला सांगू नये.

परीक्षेत ‘गुलामगिरीची कारणे लिहा’ विचारले की गाईडातले उत्तर येणारच. त्याऐवजी सूचीतली एकच ओळ छापावी आणि दोन प्रश्न विचारावेत: या ओळीवरून काय कळते, आणि काय कळत नाही? दुसऱ्या प्रश्नाला गुण जास्त ठेवावेत.

आपले,
काही इतिहास-शिक्षक, ठाणे