सकाळी धूसर, दुपारी स्वच्छ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत मोतीबिंदूवर लेख आला होता. ‘पंधरा मिनिटांचे काम, टाका नाही, दुसऱ्या दिवशी पेपर वाचा’ असा त्याचा सूर. त्यात चुकीचे काही नाही. बहुतेकांचे असेच होते, माझ्या दोन्ही नणंदांचे तसेच झाले. माझे मात्र झाले नाही, आणि का झाले नाही हे कळेपर्यंत माझे चार महिने गेले.

माझे वय ७१. नोकरीभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्यामुळे डोळ्यांची किंमत मला कोणी सांगायला नको. उजव्या डोळ्याचे ऑपरेशन झाले, पट्टी काढली, तर सगळे वाफ धरलेल्या काचेतून पाहावे तसे. ‘बुबुळाला थोडी सूज आहे, उतरेल,’ असे सांगितले गेले. तेही खरेच आहे. सुरुवातीची सूज बहुतेकांची काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरते. माझी अर्धीच उतरली आणि मग एक विचित्र प्रकार सुरू झाला. सकाळी जाग आली की समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर म्हणजे नुसता पांढरा चौकोन. तासाभराने त्यात मोठे आकडे उमटायचे, मग वारांची नावे, आणि साडेदहाच्या सुमारास खालची बारीक अक्षरे. दुपारी मी ठणठणीत! तपासणीची वेळ नेमकी दुपारी चारची. चार वाजता मी तक्ता घडाघडा वाचायची आणि डॉक्टर म्हणायचे, ‘छान आहे की.’ शेजारीण म्हणे, जाळी (बसवलेल्या लेन्सच्या मागच्या पडद्यावर येणारा धूसरपणा) आली असेल, लेझरने जाते. आमचे हे म्हणत, तू फार विचार करतेस.

शेवटी जुनी सवय कामी आली. वहीत रकाने आखले: उठले कधी, मोठे आकडे दिसले कधी, बारीक अक्षरे लागली कधी. महिन्याभरात साडेदहाचे पावणेबारा झाले होते. ती वही घेऊन मी फक्त बुबुळाचे काम पाहणाऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेले, आणि मुद्दाम सकाळी आठची वेळ मागून घेतली. त्यांनी दोन पाने चाळली आणि डोळ्याला हात लावायच्या आधीच म्हणाल्या, ‘आतला थर दमलाय.’

त्यांनी जे समजावले ते मला आधी कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते. बुबुळावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, जाडीला जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. कॉर्नियात सतत झिरपणारे पाणी बाहेर उपसत राहणे हे त्याचे काम. मोठ्या माणसात या पेशी दर चौरस मिलिमीटरला साधारण २५०० असतात. गेलेली पेशी पुन्हा येत नाही, शेजारच्या पेशी पसरून तिची जागा भरतात, एवढेच. वयाने वर्षाला अर्धा टक्का कमी होतातच. संख्या ५००च्या आसपास किंवा खाली गेली की उपसा पुरत नाही, काच फुगते आणि धुरकट होते. रात्री पापण्या मिटलेल्या, त्यामुळे पाणी उडून जात नाही आणि सूज वाढते. दिवसा डोळे उघडे राहिले की ती ओसरते. माझे सकाळचे धुके ते हेच. जाळी आली तर धूसरपणा दिवसभर सारखाच राहतो, घड्याळाप्रमाणे बदलत नाही. हा एवढा फरक माहीत असता तर शेजारणीचे ऐकून मी महिना घालवला नसता.

यात ऑपरेशन करणाऱ्याचा हात वाईट होता, असे मी म्हणणार नाही. माझ्या आतल्या थरावर आधीपासूनच दवाच्या थेंबांसारखे बारीक उंचवटे होते. या विकाराला फुक्स या नेत्रतज्ज्ञांचे नाव आहे, त्यांनी त्याचे वर्णन १९१० मध्ये केले. म्हणजे शंभर वर्षांहून जुनी गोष्ट. फेकोत, म्हणजे मोतीबिंदूच्या हल्लीच्या ऑपरेशनमध्ये, ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून ओढून घेतात आणि त्यात थोड्या पेशी प्रत्येकाच्याच जातात. गाठीला भरपूर असतील तर कळतही नाही. माझी गाठच रिकामी होती. शिवाय ‘पिकू दे, मग बघू’ म्हणत मी दोन वर्षे काढली. मोतीबिंदू जितका कडक, तितकी तो फोडायला ताकद जास्त, आणि तितका मार या थराला. पिकू देण्याचा सल्ला फेकोच्या आधीच्या काळातला, केलमन या अमेरिकी डॉक्टरांनी फेकोची पद्धत आणली १९६७ मध्ये. सल्ला मात्र अजून घरोघर फिरतो आहे.

माझी तक्रार एकाच गोष्टीची. लेन्स कोणती बसवायची यावर माझ्याशी अर्धा तास बोलले गेले, रंगीत पत्रके दाखवली गेली. पेशी किती शिल्लक आहेत यावर अवाक्षर नाही. पेशींची संख्या मोजायचे यंत्र असते. डोळ्याला स्पर्श न करता फोटो काढते, दोन मिनिटे लागत नाहीत. सरसकट सगळ्यांची मोजा असे माझे म्हणणे नाही. पण ज्याला सकाळी जास्त धूसर दिसते, ज्याच्या घरात कोणाचे बुबुळ बदललेले आहे, ज्याच्या डोळ्याला पूर्वी मार लागलाय किंवा आत ऑपरेशन झालेय, त्याची तरी मोजावी. संख्या कमी निघाली म्हणून ऑपरेशन टळतेच असे नाही. डॉक्टर जास्त जपून करतात, आत संरक्षक जेल जास्त वापरतात, आणि मुख्य म्हणजे काय होऊ शकते ते आधी सांगून ठेवतात.

मला आधी मिठाचे पाच टक्क्यांचे थेंब दिले. चांगलेच झोंबतात. सकाळी हात लांब धरून हेअर ड्रायरची कोमट हवाही घ्यायला सांगितली होती. (नातवाला वाटे आजी केस सोडून डोळे वाळवते.) त्याने तासभराचा फायदा व्हायचा, पण पुढे पृष्ठभागावर पाण्याचे फोड येऊ लागले. ते फुटले की काचेचा कण गेल्यासारखे टोचते. तेव्हा आतला थर बदलायचे ठरले. हल्ली अख्खे बुबुळ बदलावे लागत नाही. नेत्रदात्याचा फक्त आतला पापुद्रा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा, आत सोडतात आणि हवेच्या बुडबुड्याने चिकटवतात. तो निसटू नये म्हणून मी छताकडे बघत उताणी पडून होते. आता सकाळी सातला कॅलेंडरवरची बारीक अक्षरे दिसतात. स्टेरॉइडचे थेंब मात्र चालू आहेत आणि शरीराने तो पापुद्रा नाकारण्याची भीती कायमची मानगुटीवर बसली आहे.

एक गोष्ट राहिली. माझे धुके संथपणे वाढणारे होते. ऑपरेशननंतर डोळा लाल होऊन ठणकायला लागला आणि नजर झपाट्याने उतरली, तर वहीबिही ठेवत बसू नये. तो जंतुसंसर्ग असू शकतो, त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठावा.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहाल तेव्हा लेन्सच्या प्रकारांच्या चौकटीशेजारी पेशींच्या मोजणीला चार ओळी द्याव्यात, ही विनंती. माझ्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू आहे. मोजणी झाली, ९०० भरल्या. तो कागद फाइलच्या पहिल्याच पानावर टाचून ठेवला आहे, तारीख अजून ठरायची आहे.

आपली,
एक नियमित वाचक