क्लच 'गेला' म्हणण्याआधी काय गेलंय ते तरी बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत जुनी गाडी घेताना काय काय बघावं यावर लेख आला होता, बाकी लेख चांगलाच होता पण क्लचचा विषय त्यात एका वाक्यात उरकलाय, 'क्लच खराब वाटला तर ती गाडी सोडून द्या', आणि हे मला अजिबात पटलं नाही. क्लच खराब म्हणजे नक्की काय? घसरतोय (म्हणजे पकड सुटून इंजिनची ताकद पूर्ण पुढे जात नाही) की सुटत नाहीये (म्हणजे पेडल दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे होत नाहीत)? ही दोन वेगळी दुखणी आहेत, दोन्हीचा खर्च वेगळा, आणि हे न बघता चांगली गाडी हातची घालवणं किंवा उगाच अख्खा क्लच बदलून घेणं, दोन्ही चूक.

मी इकडे कॉव्हेंट्रीला असतो. माझ्या भाच्यानं २००१ ची माझदा एमएक्स-५ घेतली, दोन सीटची, टप उघडणारी. १९८९ पासून ही गाडी बनतीये, २०१६ मध्ये दहा लाखावी गाडी निघाली, त्यामुळे इंग्लंडात जुन्या बाजारात भरपूर मिळते. घेतल्यावर काही दिवसांतच गिअर पडेनात, रिव्हर्स टाकताना करकर आवाज. गॅरेजवाल्यानं खाली वाकून न बघताच सांगितलं, क्लच गेला, गिअरबॉक्स उतरवावा लागेल. मी म्हटलं थांब जरा. इंजिन बंद केलं तर सगळे गिअर लोण्यासारखे पडत होते, आणि इंजिन चालू असताना पेडल चार-पाच वेळा भराभर दाबलं की तेवढ्यापुरते नीट पडायचे. म्हणजे क्लच पूर्ण सुटत नव्हता, पेडलचा जोर पुढे पोचतच नव्हता. गिअरबॉक्सच्या बाहेर स्लेव्ह सिलिंडर असतो, म्हणजे फ्लुइडच्या दाबानं क्लच सोडवणारा छोटा पंपासारखा भाग, त्याचं रबरी बूट मागं सारून बघितलं तर आत ओलं, आणि क्लचच्या वेगळ्या छोट्या डबीतलं फ्लुइड काळं पडलेलं. या गाडीचा हा ठरलेला आजार आहे. दोन बोल्ट आणि एक पाइप, नवीन सिलिंडर लावून पाइपातली हवा काढली, काम झालं, गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. (हे फ्लुइड रंगावर सांडलं तर रंग जातो, लगेच पाण्यानं धुवा.)

खरा झिजलेला क्लच वेगळा वागतो. गिअर आरामात पडतात पण ताकद चाकापर्यंत जात नाही. मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या स्पीडला चौथा किंवा पाचवा टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा, आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी तिथंच राहिली तर क्लच घसरतोय. वरच्याच गिअरमध्ये का, तर पहिल्या-दुसऱ्यात इंजिन पटकन वर जातं आणि थोडी ताकद त्यातच संपते, वरच्या गिअरमध्ये जवळजवळ सगळा भार क्लचवर येतो. जळका वास, आणि पेडल जवळजवळ पूर्ण सोडल्यावर गाडी उचलणं, ह्या पण खुणा आहेत. विकणारा म्हणाला की 'थोडं ॲडजस्ट केलं की होईल' तर विश्वास ठेवू नका, एमएक्स-५ मध्ये मारुती ८०० सारखी केबल नाही, हायड्रॉलिक आहे, म्हणजे फ्लुइडच्या दाबावर चालतं, क्लचची आतली प्लेट झिजेल तसं ते आपोआप जुळवून घेतं. फक्त एक गोष्ट आधी बघा, पेडलला वर थोडा मोकळा खेळ आहे ना. कोणी पेडलमागचा रॉड जास्त फिरवून ठेवला असेल तर क्लच सोडवणारं बेअरिंग कायम दाबलेलं राहतं आणि चांगली प्लेट पण घसरते.

आता गिअरबॉक्स उतरवायचाच झाला तर एमएक्स-५ मध्ये एक मोठी गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. गिअरबॉक्सला खाली स्वतःचं माउंटिंग नाही, मागच्या डिफरन्शियलपर्यंत (मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) ॲल्युमिनियमचा एक लांब तुळईसारखा भाग जातो, तोच त्याला धरून ठेवतो. तो सोडला की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते, म्हणून आधी जॅकचा आधार द्या, आणि परत बसवताना उंची मापूनच बोल्ट आवळा, नाहीतर नव्या क्लचवर सुद्धा गाडी थरथरत राहते आणि दोष बिचाऱ्या क्लचला. गाडी स्टँडवरच ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, कृपा करून.

मजुरी दिवसभराची असते म्हणून एकट्या प्लेटवर काटकसर करू नये. प्लेट दाबून धरणारी प्रेशर प्लेट, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलमधलं (इंजिनच्या मागचं जड चाक) छोटं पायलट बेअरिंग, सगळं एकदम बदला, आणि इंजिनचं मागचं ऑइल सील नीट बघा, जुन्या प्लेटवर तेल दिसलं तर घसरण्याचं कारण झीज नसून तेच असू शकतं आणि सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही भिजणार. मूळ क्लच १.६ इंजिनला २०० मिलिमीटरचा आणि १.८ ला २१५ चा, मागवताना बघून घ्या. गिअर लिव्हर काढलेलाच असतो तर त्याच्या खालचं फाटकं रबर आणि तिथलं वेगळं तेल पण बदला, शिफ्टिंगमध्ये जो फरक पडतो तो गाडी चालवणाऱ्यालाच कळेल. आणि आतली धूळ हवेच्या प्रेशरनं उडवू नका, जुन्या क्लचमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ब्रिटननं त्यावर पूर्ण बंदी आणली ती १९९९ मध्ये, आणि तुमच्या गाडीत कोणी कधीची प्लेट टाकलीये ते बाहेरून कळत नाही. ओल्या फडक्यानं पुसा.

एवढं सगळं लेखात मावणार नाही हे कळतं, पण ती दोन दुखणी वेगळी आहेत आणि चौथ्या गिअरची टेस्ट कशी करायची, एवढं तरी पुढच्या रविवारी चौकटीत छापा ही विनंती. पुण्या-मुंबईत जुनी गाडी बघायला जाणाऱ्यालाही ते तितकंच उपयोगी आहे, गाडी कुठलीही असो.

आपला,
एक नियमित वाचक, कॉव्हेंट्री (इंग्लंड)