एम्सला सही करण्याआधी

चि. मुग्धा,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एम्स शहरात तुम्ही चौघी भाड्याने घेणार आहात, त्या घराच्या करारात 'जॉइंट अँड सेव्हरल' हे शब्द आहेत का, ते आधी शोध. असतील तर चौघींपैकी एकीने भाडं थकवलं तरी घरमालक सगळी रक्कम तुझ्याकडे मागू शकतो. खोलीपुरता स्वतंत्र करार मिळत असेल तर थोडं जास्त भाडं पडलं तरी तोच घे. घर गरम करण्याचा खर्च भाड्यात आहे की वेगळा, तेही विचार. विजेचे हीटर असतील तर मागच्या जानेवारीचं बिल किती आलं होतं, हे विचारल्याशिवाय सही करू नकोस. एम्समध्ये वीज आणि पाणी बहुतेक ठिकाणी नगरपालिकेचंच. किल्ली मिळण्याआधी त्यांच्याकडे वीज-पाण्याचं खातं उघडून ठेव.

आयोवात दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. ते परत मिळणं मात्र पहिल्या दिवसावर अवलंबून असतं. बॅगा आत नेण्याआधी फोटो काढ: कार्पेटवरचे डाग, खिडक्यांच्या जाळ्या, ओव्हनची आतली बाजू, फ्रिजचे कप्पे, बाथटबच्या कडा. ते त्याच दिवशी घरमालकाला ईमेल कर, म्हणजे तारखेवर वाद राहत नाही. नेहमीच्या वापराची झीज डिपॉझिटमधून कापता येत नाही, पण ओट्यावरचा हळदीचा डाग झीज धरला जाणार नाही. तो सुकण्याआधी पूस.

स्वयंपाकघराकडे नीट लक्ष दे. शेगडीवरचा पंखा चालू करून त्याच्या वरच्या जाळीपाशी हात धर. हाताला वारा लागला तर तो धूर बाहेर टाकत नाही, गाळून खोलीतच सोडतो. अशा घरात तेल तापवण्याआधीच खिडकी उघड, फोडणी मंद आचेवर कर. धुराचा अलार्म वाजतो म्हणून बॅटरी काढायची नाही, हे मी निक्षून सांगतो. सिंकखालच्या डिस्पोजलमध्ये (खरकटं बारीक करणाऱ्या यंत्रात) भात, कणीक, कोथिंबिरीच्या काड्या जाऊ देऊ नकोस: भात फुगतो, काड्या पात्यांना गुंडाळतात. तेल डब्यात गोळा करून कचऱ्यात टाक, थंड नळीत ते थिजतं. तुंबलं तर प्लंबरचं बिल तुमच्याच नावावर येऊ शकतं.

डिसेंबरात बाहेरगावी जाताना घराचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट बंद करू नकोस, ५५ फॅरनहाइटच्या खाली आणू नकोस. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालचं कपाट उघडं ठेव आणि नळाची बारीक धार सोड. भिंतीतलं पाणी गोठलं की नळी फुटते आणि पाणी खालच्या घरात उतरतं. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, तुझा लॅपटॉप आणि गादी त्यात येत नाहीत. भाडेकरूचा विमा वेगळा काढ.

भाडं ७०० डॉलरच्या वर असेल तर उशिराचा दंड दिवसाला २० आणि महिन्याला १०० डॉलरपेक्षा जास्त लावता येत नाही. करारात जास्त लिहिला असेल तर सहीआधीच दाखवून दे.

कॅम्पसजवळचे बरेच करार ३१ जुलैला संपतात आणि पुढचे १ ऑगस्टला सुरू होतात. पुढे घर बदलशील तेव्हा मधल्या रात्रीची आणि सामानाची सोय आधी बघून ठेव. सोडताना नवा पत्ता लेखी दे. करार संपून पत्ता हाती आला की ३० दिवसांत घरमालकाने डिपॉझिट परत द्यायचं किंवा काय कापलं ते लिहून कळवायचं, असा तिथला कायदा आहे. वर्षभरात पत्ता दिला नाहीस तर ते पैसे त्याचेच होतात.

कराराची प्रत मला पाठव, आईसुद्धा वाचेल.

तुझा,
बाबा