ड्यूटी सुटल्यावरची दहा मिनिटं

चि. रंजना,
अनेक आशीर्वाद.

पेशंटचा कंटाळा येतो आणि त्याचीच लाज वाटते, असं तू फोनवर म्हणालीस, आणि ध्यान कसं करायचं तेही विचारलंस. लाजू नको. अंगातलं बळ सरणं, कामावरून मन विटणं, आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं, ही तिन्ही लक्षणं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउट म्हणून मांडली. तिने याला आजार म्हटलं नाही, कामाच्या ताणातून येणारी अवस्था म्हटलं. म्हणून आधी मेट्रनकडे साप्ताहिक सुटी माग. सलग डबल ड्यूटीवर ध्यान हा उतारा नाही.

आता ध्यानाचं. आपल्या गावात तुकडोजी महाराजांनी घालून दिलेलं सामुदायिक ध्यान पहाटे होतं. तुझी पाळी फिरती, तुला पहाटेचा नेम झेपायचा नाही. तू घड्याळ सोड. रूमवर आलीस, हातपाय धुतले, की लगेच बस. जेवणाआधी. जेवून बसलीस तर डुलक्याच येतील.

दिवसभर उभं राहून पोटऱ्या भरून येतात, तेव्हा मांडीचा हट्ट नको. खुर्चीवर बस, तळवे जमिनीला टेकव, पाठ टेकू नको. खाली बसायचंच तर गोधडीची घडी करून चार बोटं उंच बैठक कर. गुडघे कमरेपेक्षा खाली राहिले की पाठ आपोआप सरळ राहते.

श्वास नाकाने, आपल्या चालीने येऊ दे. सोडताना एक, दोन, असं दहापर्यंत मोज, मग पुन्हा एक. मोजणी सतरावर गेली तर समज, मन केव्हाच वॉर्डात गेलंय. पिकात डवरणी करताना बैल ओळीबाहेर गेला तर आपण कासरा ओढून त्याला ओळीत आणतो, तेवढंच कर. स्वतःवर चिडू नको. मन पळणं म्हणजे ध्यान बिघडलं, असं समजून बहुतेक जण आठवड्यात सोडून देतात. अगं, परत आणणं हेच तर काम आहे.

पहिला आठवडा पाचच मिनिटं, मग दहा. फोनवर गजर लाव, बाकी आवाज बंद. मुद्दाम खोल श्वास ओढत राहिलीस तर चक्कर येईल. रोजच झोप लागत असेल तर झोपच कमी पडतेय. सरळ झोपून घे.

ड्यूटीवरही जागा आहे. साबणाने हात धुवायला 40 ते 60 सेकंद लागतात, हे तुला शिकवलेलंच आहे. तेवढ्यात चार-पाच सावकाश श्वास होतात: चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत बाहेर. श्वास सोडताना नाडी जराशी मंदावते. रूमवर मनगटाला बोटं लावून बघ.

विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला आताच धावू नको. तिथे रोज जवळपास दहा तास बैठक असते, थकलेल्या अंगाला ती जड जाईल. पुढे बघू.

डोळे मिटल्यावर वॉर्डातलंच दिसून छाती धडधडली तर डोळे उघड, उठून चाल, त्या दिवशी पुरे. दोन आठवडे झोप आणि भूक दोन्ही गेली तर ध्यान बाजूला ठेव, डॉक्टरला दाखव. टेलिमानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, रात्रीही लागतो.

आईने जवसाची चटणी पाठवली आहे. झाकण घट्ट लाव, नाहीतर खवट होते. पोळ्याला सुटी मिळते का ते कळव.

तुझे बाबा